मोटारीचे जुने दागिने

नवी मोटार घरी आली की ती प्रथम देवमंदिराच्या आवारात आणावयाची, तिच्यावर पवित्र पाण्याचे सिंचन करवून घ्यावयाचे आणि मगच तिला लांबच्या रस्त्यास लावावयाचे, असा एक चांगला प्रघात आमच्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांत पडला आहे. अशा प्रसंगी आम्हांस एक गंमत नेहमी आढळून येते. तरुण मंडळी नव्या गाडीभोवती उभी राहून छायाचित्रे काढण्यात दंग असतात. वडीलधारी मंडळी मात्र निंबाच्या सावलीत जमतात आणि पाहता पाहता त्यांचे बोलणे जुन्या गाड्यांकडे वळते. कोणाच्या जीपला पुढे पाण्याची पिशवी टांगलेली असे, कोणाच्या फियाटला मागील काचेवर जाळीचे पडदे होते, कोणत्या ट्रकचा भोंगा तीन सुरांत वाजे, याच्या कथा निघतात. त्या सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो समोर उभ्या असलेल्या लाखो रुपयांच्या गाडीकडे पाहतानाही दिसत नाही.

वाचकहो, गेलेल्या दिवसांची ही ओढ मनुष्यमात्रास आहे. आम्हीही तीपासून मुक्त नाही. आमचे बालपण १९८० आणि १९९० च्या दशकांत गेले, आणि त्या काळच्या मोटारींचे रेक्झिन उन्हात तापल्यावर जो वास येई, तो आजही आमच्या नाकात आहे. परंतु एका गोष्टीचे आम्हांस नवल वाटते. या आठवणींत गाडीच्या यंत्राचा उल्लेख क्वचितच येतो. ज्या वस्तू कारखान्याने दिल्याच नव्हत्या, ज्या मालकाने, मिस्त्रीने किंवा घरच्या गृहिणीने मागाहून जोडल्या, त्याच लोकांच्या स्मरणात राहिल्या आहेत. असे का व्हावे?

याचे एक कारण त्या काळाच्या परिस्थितीत आहे. आमचा हा अफजलपूर तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याने १९३२ साली सरकारी मोटारवाहतूक सुरू केली, तेव्हा तिच्यापाशी अवघ्या २७ बसगाड्या होत्या. खासगी मोटार ही तर जहागीरदारांची किंवा बड्या वकिलांची वस्तू. पुढे देश स्वतंत्र झाला आणि मोटारी येथेच तयार होऊ लागल्या. शेजारच्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या निघू लागल्या. १९६४ साली आलेली फियाट ११०० डी हीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्यास १९५७ च्या सुमारास ॲम्बॅसडर तयार होऊ लागली आणि २०१४ पर्यंत जवळजवळ तोच बांधा घेऊन बाहेर पडत राहिली. महिंद्र कंपनीने १९४७ पासून जीपगाड्यांची जुळणी आरंभली. म्हणजे निवड करावयाची ती दोनतीन गाड्यांमधून, आणि तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर.

अशा स्थितीत सर्वांच्या गाड्या एकाच साच्यातल्या. मग त्यांतून 'आपली' गाडी ओळखावी कशी? तिला आपण काहीतरी लेणे चढवावे, तेव्हाच ती आपली होई. शिवाय कारखान्याने दिलेली गाडी शहरातील गुळगुळीत रस्त्यांसाठी असे. ती भीमाकाठच्या काळ्या चिकणमातीत आणि वैशाखातील उन्हात चालावयाची, तर तिच्यात फेरफार करणे भागच पडे. लोकांनी मोटार विकत घेतली खरी, परंतु तिला आपल्या गावची केली ती नंतर, आपल्या हातांनी.

त्या वस्तूंपैकी पहिला मान आम्ही पाण्याच्या पिशवीस देतो. जाड कॅनव्हासची, लाकडी बूच असलेली ही पिशवी जीपच्या अथवा ट्रकच्या पुढच्या बंपरला टांगलेली असावयाची. कापडातून थोडे थोडे पाणी झिरपे, वाऱ्याने ते वाळे, आणि वाळताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाई; त्यामुळे बाहेर अंगाची लाही होत असली तरी पिशवीतील पाणी माठासारखे गार राही. त्यातले अर्धे तापलेल्या रेडिएटरच्या उपयोगी पडे आणि अर्धे माणसांच्या. वाटेत कोणी पायी जाणारा भेटला आणि त्याने हात दाखवला, तर चालकाने थांबून त्याच्या ओंजळीत पाणी ओतावे, ही त्या काळची साधी रीत होती. तहानलेल्यास दिलेले एक पेलाभर थंड पाणीदेखील वाया जात नाही, असे आपल्या प्रभूने सांगितले आहे. ते वचन त्या चालकांपैकी बहुतेकांनी ऐकलेही नसेल, परंतु ते पाळले जात होते यात शंका नाही.

दुसरा मान जीपच्या मागील बाकांचा. मूळ जीप ही पलटणीची गाडी. तिच्यात माणसे बसावयाची ती मोजकी. आमच्याकडील मिस्त्रींनी तिचा मागला भाग लांबवला, दोन्ही बाजूंस समोरासमोर बाक बसवले, त्यांवर काथ्या भरून रेक्झिन ठोकले, वजन पेलावे म्हणून कमानपाट्यांत एक जादा पाटा चढवला आणि वर ताडपत्रीचे छत ताणले. टपावर लोखंडी पट्ट्यांचे कॅरियर वेल्डिंग करून बसवले, की त्यावर तुरीची पोती, नवरीची ट्रंक, प्रसंगी एखादे करडूही जाई. हे सारे काम करणारा मिस्त्री शाळेत फारसा गेलेला नसे. त्याच्यापाशी नकाशा नव्हता, मोजमाप होते ते हाताच्या वितीचे. तो कानडीत गिऱ्हाइकाशी बोले, दखनीत पोऱ्यावर ओरडे आणि मराठीत हिशेब सांगे. सीमेवरील आमच्या या मुलखाचे सारे बहुभाषी जीवन त्याच्या गॅरेजमध्ये एकत्र नांदत असे.

गरजेपोटी केलेल्या फेरफारांचा कळस मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. त्या वेळी पेट्रोलवर शिधावाटपाचे बंधन आले, तेव्हा देशातील अनेक बसगाड्यांच्या मागे उंच लोखंडी पिंप बसवण्यात आले. त्यात कोळसा अपुऱ्या हवेवर जाळावयाचा आणि त्यातून निघणारा वायू गाळून, निववून यंत्रास पुरवावयाचा, अशी ती योजना होती. यंत्राची शक्ती त्यामुळे बरीच घटे, आणि चढ लागला की उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलावी, असेही प्रसंग येत. तरी बस चालू राहिली, आणि माणसे आपल्या माणसांना भेटत राहिली.

आता निव्वळ हौसेच्या दागिन्यांकडे वळू. त्यांची नावे घेताना वडीलधारी मंडळी अजूनही हसतात. मागील काचेस लावलेले जाळीचे पडदे. डॅशबोर्डावर भुणभुणणारा छोटा पंखा. साहेबांच्या ॲम्बॅसडरमधील आसनावर पसरलेला पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. चाकांवरील चकचकीत टोप्या. अनेक सुरांचा भोंगा. आणि रेडिओ, ज्यासाठी पोस्टातून परवाना काढून दरसाल पैसे भरावे लागत. फियाटचा गिअर सुकाणूच्या दांड्यालगत असल्यामुळे पुढचे आसन बाकासारखे सलग असे, आणि त्यावर तिघे सहज मावत. काही शौकीन मंडळी तो गिअर काढून खाली बसवीत आणि स्वतंत्र खुर्च्या करवून घेत. दिसावयास ते झोकदार खरे. पण तिसऱ्याची जागा गेली, असे घरातील आजी हटकून म्हणावयाची. तिचे ते बोलणे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे आम्हांस त्याकडे परत यावयाचे आहे.

त्याच पद्मिनीचा शेवट आपण नुकताच पाहिला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून निवृत्त झाली. मुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्या आमच्या कित्येक लोकांनी त्या टॅक्सीच्या टपावरील कॅरियरला वळकटी बांधूनच त्या शहरात प्रथम प्रवेश केला होता. त्यांना त्या दिवशी घरातील एखादे जुने माणूस गेल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

या दागिन्यांत एक वर्ग श्रद्धेच्या वस्तूंचाही आहे. आमच्या तालुक्यातील गाणगापुरास महाराष्ट्रातून दत्तभक्तांच्या गाड्या येतात, त्यांत दत्तमहाराजांची तसबीर असते. मुसलमान बांधवांच्या ट्रकवर ७८६ हा अंक असतो. आपल्या गाड्यांत पवित्र मरियेची लहानशी मूर्ती, आरशास लटकवलेली जपमाळ, किंवा बालयेशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणाऱ्या संत ख्रिस्तोफरचे पदक असते. १९६९ साली ख्रिस्तसभेने सणांच्या सार्वत्रिक पंचांगातून या संताचा दिवस वगळला, तेव्हा काहींनी अशी समजूत करून घेतली की त्याचे संतपदच काढून घेण्यात आले. तसे झालेले नाही. त्याचे नाव हुतात्म्यांच्या नामावलीत आजही आहे आणि २५ जुलै रोजी त्याचे स्मरण करण्यास कोणतीही आडकाठी नाही. याखेरीज १९२५ साली अकरावे पायस यांनी रोमची संत फ्रान्सिस्का हिला मोटारचालकांची आश्रयदाती ठरवले. तिच्या वाटेवर देवदूत दिवा धरून चालत असे, अशी परंपरागत कथा आहे.

परंतु पदक म्हणजे ताईत नव्हे. ख्रिस्तोफर हा ओझे वाहणारा संत आहे. लोकांना पाठीवर घेऊन पाण्यापलीकडे पोहोचवावयाचे, हेच त्याचे काम होते. ज्याच्या गाडीत त्याचे पदक आहे, त्याने ते काम अंगीकारले आहे, असाच त्याचा अर्थ होतो. वाहनांना आशीर्वाद देण्यासाठी जी जुनी लॅटिन प्रार्थना रोमन विधिग्रंथात आहे, तिच्यातही हाच बोध आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंग तिच्यात आठवलेला आहे. यरुशलेमहून गाझाकडे उतरणाऱ्या वाटेवर एक इथिओपियन अधिकारी आपल्या रथात बसून धर्मग्रंथ वाचीत चालला होता. वाटेत पायी जाणारा फिलिप त्याला भेटला. अधिकाऱ्याने काय केले? त्याने फिलिपला वर बोलावून आपल्याशेजारी बसवले. त्या एका जागेमुळे त्याला प्रभूची ओळख झाली आणि पुढे वाटेतच त्याचा बाप्तिस्मा झाला. रथावर सोन्याची नक्षी होती की रेशमी पडदे होते, याची नोंद नाही. शेजारी जागा होती, एवढीच नोंद आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की फादरांना जुने ते सारे सोने वाटते. तसे मुळीच नाही. जुन्या गाड्यांत डॅशबोर्ड लोखंडी पत्र्याचा असे आणि पट्टे नसत. अपघातात चालकाची छाती सुकाणूवर आदळे. पुढच्या आसनांस पट्टे सक्तीचे झाले ते १९९४ पासून बनलेल्या मोटारींत. लांबवलेल्या जीपला माणसे मागे लोंबकळत जात. त्या वडापाच्या फेऱ्यांत किती संसार उघडे पडले, हे या रस्त्यांवरील गावांना ठाऊक आहे. आजही काही दागिने घातक आहेत. काचांवरील काळ्या फिती सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केल्या. गाडीपुढे लोखंडी कठडा बसवण्यास २०१७ साली केंद्र सरकारने मनाई केली. कारण टकरीचा धक्का त्यामुळे भलतीकडे जातो, हवेच्या पिशव्या वेळीच उघडत नाहीत, आणि समोरच्या पादचाऱ्याचा तर जीवच जातो. हे कठडे ज्यांच्या गाड्यांस अजून आहेत, त्यांनी ते काढून टाकावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ख्रिस्तोफरचे पदक लावून पट्टा न बांधणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय.

आम्हांस हुरहूर लागते ती निराळ्याच गोष्टीची. गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगतो. भीमाकाठच्या एका वाडीत रात्री एका सुनेस प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका पोहोचण्यास अवकाश होता; आम्ही कलबुर्गीस गेलो असल्याने मिशनची गाडीही जागेवर नव्हती. गल्लीत तीन नव्या मोटारी उभ्या होत्या. सासूने एका दारी जाऊन हात जोडले, "दादा, पोरीला तेवढी अफजलपूरच्या दवाखान्यात पोचवा." उत्तर आले, "मावशी, गाडी अजून नवी आहे हो. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही." दुसऱ्या दोन दारांशीही काहीबाही सबबी निघाल्या. अखेर वेशीजवळ राहणाऱ्या एका वृद्ध मुसलमान शेतकऱ्याने आपली जुनी, ताडपत्री फाटलेली जीप बाहेर काढली. "चलो अम्मा, बैठो," एवढेच तो बोलला. मागील बाकावर घोंगडे अंथरून त्या मुलीस आडवी केली आणि चिखलातून गाडी निघाली. बाळ आणि बाळंतीण दोघेही सुखरूप आहेत. जिने सबब ऐकली त्या नव्या गाडीच्या घरची आजी दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री घेऊन अंगणात आली आणि तिने आसनांवरील सारे प्लास्टिक कापून काढले. मुलाला ती एक शब्दही बोलली नाही.

वाचकहो, आजच्या गाडीला बाहेरून काही जोडावे लागत नाही. पंखा, रेडिओ, गारवा, सारे कारखान्यातूनच येते. परंतु ज्या काळी तालुक्यात मोजक्या गाड्या होत्या, त्या काळी प्रत्येक गाडी साऱ्या गावाची होती. आज दारोदारी गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी एकेका घराची आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना निंबाखाली आठवते ती पाण्याची पिशवी आणि तो बाक, कारण त्या दोन्ही वस्तू दुसऱ्यासाठी होत्या. आरसे आणि पडदे हे त्यांच्याबरोबर सहज आठवतात, इतकेच.

वाहनात फेरफार करावा तर कसा, याचे धडे ख्रिस्तसभेच्या अलीकडील इतिहासातही आहेत. पाउल शुल्टे नावाचे जर्मन धर्मगुरू होते. त्यांचा मित्र आफ्रिकेत मिशनकार्य करीत असताना, रुग्णालयात वेळीच नेण्यास साधन नसल्यामुळे, १९२५ साली मरण पावला. त्या दुःखातून शुल्टे यांनी १९२७ साली मिशनांना वाहने पुरवणारी मीवा ही संस्था उभी केली. १९६४ च्या डिसेंबरात सहावे पौल मुंबईच्या युखरिस्त परिषदेस आले, तेव्हा त्यांच्या सेवेस एक पांढरी लिंकन मोटार होती. जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या गाडीत बसून हिंडल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा शांतीनगर येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लावला. आणि पोप फ्रान्सिस यांनी तर, २०२५ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येण्यापूर्वी, अशी इच्छा व्यक्त केली की २०१४ साली बेथलेहेमात आपण ज्या गाडीतून लोकांना आशीर्वाद दिला, ती गाझातील मुलांसाठी फिरता दवाखाना व्हावी. त्याप्रमाणे तिच्यात तपासणीची साधने आणि औषधांसाठी शीतपेटी बसवण्याचे काम कारितासने हाती घेतले. फिलिप ज्या वाटेवर रथात चढला, ती वाट गाझाचीच होती.

मीवाच्या ऑस्ट्रियातील शाखेची एक रीत आम्हांस फार आवडते. संत ख्रिस्तोफरच्या सणाच्या सुमारास तेथील चालक, अपघाताविना पार पडलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे सेंटचा दहावा भाग, कृतज्ञतेने दान करतात. आपणही हिशेब करून पाहू. किलोमीटरला एक पैसा धरला, तर वर्षाकाठी दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे शंभर रुपये होतात. एवढ्याने कोणाचा संसार अडत नाही. येत्या २५ जुलैपासून देवमंदिराच्या दाराशी या कामासाठी एक वेगळी पेटी ठेवण्यात येईल. रात्रीअपरात्री रोग्यास नेणाऱ्या कोणत्याही गाडीचे, मग ती कोणत्याही धर्माच्या माणसाची असो, डिझेल त्या पेटीतून भरले जाईल. त्या वृद्ध शेतकऱ्यास पहिले पैसे द्यावयास आम्ही गेलो, तर तो घेणार नाही हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच्या जीपला नवी ताडपत्री मात्र आपण शिवून देऊ शकतो.

ज्यांच्या घरी चारचाकी आहे, त्यांनी आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक रविवारच्या मिस्सेनंतर आमच्यापाशी नोंदवावा. वाडीवाडीतून त्यांची यादी लावण्यात येईल. गाडीत एक स्वच्छ घोंगडे आणि पाण्याचा एक भरलेला कॅन सदैव ठेवावा. पट्टे बांधावेत, आणि आसनांवरील प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढून टाकावे. प्रभू आपणां सर्वांचा प्रवास निर्विघ्न करो.